गरम पाणी की खारं पाणी?

हॉस्टेलच्या गिझरपुढे बादल्यांची रांग लागली की मला कोकणातले गरम पाण्याचे झरे आठवतात. पालघरपासून राजापूरपर्यंत त्यांची रांगच आहे. वज्रेश्वरी, तुरळ, राजापूरचं उन्हाळे. खेडकडच्या उन्हवऱ्यात तर पाणी ७० अंशांच्या आसपास असतं. आमचं मिठबाव (ता. देवगड) या रांगेच्याही दक्षिणेला. तिथे वाफ दिसत नाही, मग खाली काय आहे ते वीज सोडूनच बघायचं.

पद्धत पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलइतकी सोपी, वेनर यांनी १९१५ मध्ये मांडलेली. एका रेषेत, समान अंतरावर चार सळया ठोका. बाहेरच्या दोनमधून करंट सोडा, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजा. व्होल्टेज भागिले करंट, गुणिले ६.२८, गुणिले सळयांमधलं अंतर, की जमिनीची रेझिस्टिव्हिटी ओहम-मीटरमध्ये मिळते. अंतर वाढवाल तसा करंट खोल उतरतो. मे महिन्यात जांभ्याच्या सड्यावर सळईभोवती मिठाचं पाणी ओतल्याशिवाय करंट जात नाही, ही वेगळीच गंमत!

घट्ट बेसॉल्टची रेझिस्टिव्हिटी शेकडो ते हजारो ओहम-मीटर. गरम पाण्याने भरलेल्या भेगेत ती एकदम पडते. पण मित्रांनो, खरी गोची इथेच आहे. पाणी २५ वरून ७५ अंशांवर गेलं तर त्याची रेझिस्टिव्हिटी जेमतेम निम्मी होते. उलट विहिरीचं गोडं पाणी साधारण २० ओहम-मीटर, तर समुद्राचं ०.२, म्हणजे शंभरपट फरक. त्यामुळे किनाऱ्यावर आकडा पडला तर माझा पहिला संशय मिठावर. चिकणमातीही असाच चकवा देते.

म्हणून मिठबावला सर्व्हे करायचा तर समुद्राकडून सड्याकडे जागोजाग मोजत जावं. खाऱ्या पाण्याची पाचर आत जाताना खोल जाते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर खारं पाणी सुमारे ४० मीटर खाली असतं. कमी रेझिस्टिव्हिटीचा पट्टा असा उतरता दिसला तर ते मीठच समजा. आत कुठे अरुंद पट्टा उभा वर आला असेल, तर ती भेग असू शकते. तिथेही नुसतं क्लोराइड तपासून भागत नाही, कोकणातल्या बऱ्याच गरम झऱ्यांत तेही असतंच.

घाईने खोल बोअर मारली तर खाऱ्या पाण्याला वर चढायला आपणच वाट करून देतो, आणि वाडीची विहीर कामातून जाते. त्याआधी जवळपासच्या जुन्या बोअरमध्ये थर्मामीटर सोडावा. १०० मीटरला ३ अंशांच्या आसपास वाढ नेहमीचीच. त्याहून बरीच जास्त असेल तरच पुढचा खर्च करावा.