किल्ली रद्द करताना

रूमची किल्ली हरवली की आपण काय करतो? वॉर्डन सरांना सांगतो, कुलूप बदलतो, विषय संपला. इंटरनेटवर मात्र एवढं सोपं नाही. हे मला लॅबमधल्या फजितीमुळे कळलं.

डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आयपी नंबर सांगणारी वही. मध्येच कुणी खोटा नंबर दिला, तर स्कॉलरशिपचा फॉर्म आपण भलत्याच मशीनकडे पाठवू. म्हणून डीएनएससेकमध्ये प्रत्येक उत्तरावर डिजिटल सही असते. सर्वांत वरच्या रूट झोनवर ती १५ जुलै २०१० पासून आहे. ती पहिली मुख्य किल्ली क्रमांक १९०३६. ११ ऑक्टोबर २०१८ ला तिचं काम नव्या २०३२६ कडे गेलं आणि ११ जानेवारी २०१९ ला जुनी रद्द झाली.

रद्द कशी करतात? किल्लीच्या रेकॉर्डमध्ये २५७ हा फ्लॅग असतो. त्यात १२८ मिळवले की ३८५ होतो, म्हणजे "रद्द". पण या रेकॉर्डवर त्याच जुन्या किल्लीची सही लागते. नाहीतर कुणीही उठून दुसऱ्याची किल्ली रद्द करेल! मग चोरानेच केली तर? करू दे, त्याच्याच हातातली किल्ली निकामी होईल.

२००७ च्या आरएफसी ५०११ मध्ये हा नियम आहे. नवी किल्ली दिसली की सर्व्हर ३० दिवस थांबून मगच तिच्यावर विश्वास ठेवतो. म्हणजे चोराने स्वतःची किल्ली घुसवली, तरी मालकाला सावध व्हायला वेळ मिळतो. रद्द करणं मात्र ताबडतोब, आणि ते मागे घेता येत नाही.

साध्या डोमेनचं वेगळं आहे. एखाद्या कॉलेजच्या .इन नावाची किल्ली बदलायची, तर वर .इन कडे नोंदलेला डीएस रेकॉर्ड बदलावा लागतो. जुनी नोंद लोकांच्या कॅशमधून जाईपर्यंत जुनी किल्ली काढायची नाही.

आता माझी फजिती. जुन्या नोट्समधून मी १९०३६ हीच किल्ली सर्व्हरमध्ये कायमची लिहून टाकली. एकही साईट उघडेना, सगळीकडे सर्वफेल! आयपी नंबरला पिंग मात्र व्यवस्थित जात होता. एक मित्र म्हणाला, "अरे, तपासणीच बंद कर ना!" केली असती तर नेट लगेच चाललं असतं, पण दाराला कुलूपच राहिलं नसतं. शेवटी नवी किल्ली टाकली.

पुढची किल्ली ३८६९६ जानेवारी २०२५ मध्ये रूट झोनमध्ये आली. बदलासाठी ठरवलेली तारीख ११ ऑक्टोबर २०२६. तेव्हा लॅबवाल्यांनो, आपापला सर्व्हर एकदा तपासून घ्या!