न दिसणारा मासा

मुलांनो, तुम्हांला दोन मिनिटांचा रहस्यपट काढायचा आहे असे समजा. सुरुवात कशी कराल? "आधी चोर दाखवू!" असेच बहुतेक जण म्हणतील. थांबा. आधी एक गोष्ट ऐका.

१९७५ साली स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'जॉज' हा चित्रपट आला. तो एका भयंकर शार्क माशाचा आहे. (तुम्ही मात्र तो मोठेपणीच पाहा!) सुरुवातीला मासा दिसतच नाही. काळोखातला समुद्र दिसतो. एक मुलगी पोहत असते. कॅमेरा तिच्याकडे पाण्याखालून पाहतो, जणू माशाच्याच डोळ्यांनी. जोडीला जॉन विल्यम्स यांचे संगीत. त्यात दोन सूर पुन्हा पुन्हा येतात. आधी संथ, मग भरभर.

खरे तर चित्रपटासाठी यांत्रिक मासा तयार केला होता. पण तो खाऱ्या पाण्यात सारखा बिघडे. म्हणून तो फार कमी दाखवावा लागला आणि लोक जास्तच घाबरले!

आता कागदावर चार चौकोन आखा. पहिल्यात बंद दार काढा. दुसऱ्यात हलणारी कडी. तिसऱ्यात कान देऊन ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा. चौथा चौकोन रिकामाच ठेवा. मग कागद शेजारच्या मित्राला द्या आणि विचारा, "दारामागे कोण आहे?"