उसाचे कांडे आणि बी.एस्सी.चा अभ्यास



रसायनशास्त्र व जीवरसायनशास्त्र या विषयांच्या पदवी अभ्यासाबद्दल या स्मरणिकेत लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने केला तेव्हा आम्ही आधी नकारच दिला. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. परंतु शिष्यवृत्तीचे खाते उघडण्यासाठी नारायणगड परिसरातील वाड्या-वस्त्यांवरची मुले-मुली दरवर्षी आमच्या खिडकीपाशी येतात. काय घेतले म्हणून विचारावे तर उत्तर येते, "बी.एस्सी." विषय कोणते? "सी.बी.झेड." बरे, रसायनशास्त्रात नेमके काय शिकता? येथे मात्र गाडी अडते. त्यांतील काही जण पुढच्या वर्षी भेटतात ते बी.ए.ला नाव घालून. बी.ए. वाईट, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार! पण जे सोडले ते काय होते, हे कळण्याआधीच सोडले, याची हळहळ वाटते. म्हणून मुलांची पाठ्यपुस्तके चाळली, जाणकार प्राध्यापकांना भंडावून सोडले आणि जे उमगले ते येथे मांडत आहोत.

सुरुवात आपल्याच घरातील वस्तूपासून करू. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील टोळ्या उचल फेडण्यासाठी उसाच्या फडावर जातात. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळपास गेला पाहिजे म्हणून रात्री-अपरात्री गाडी भरावी लागते. आपल्या आईबापांनी ही घाई जन्मभर केली. ती का करावी लागते, याचे उत्तर बी.एस्सी.च्या पुस्तकात आहे.

उसातील साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या एका रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन. ऊस तुटला की हळूहळू पाण्याच्या एका रेणूच्या साहाय्याने तिचे दोन तुकडे पडू लागतात, एक ग्लुकोज आणि दुसरा फ्रुक्टोज. चव गोडच राहते, पण या तुकड्यांची दाणेदार साखर होत नाही, उतारा घटतो. आता गंमत पाहा. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोहोंतही ६ कार्बन, १२ हायड्रोजन व ६ ऑक्सिजनच आहेत. माल तोच, मांडणी निराळी, म्हणून पदार्थ निराळा. भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला रथाचे उदाहरण दिले ते अनेकांनी विहारात ऐकले असेल. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, दांडी म्हणजेही रथ नव्हे. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांपैकी एकही गोड नाही. ते विशिष्ट रीतीने जोडले गेले की गोडी येते. ही जोडणी आणि मोडणी अभ्यासणे म्हणजे रसायनशास्त्र.

हीच मोडणी दोन मार्गांनी होते. प्रयोगशाळेत साखरेच्या पाण्यात थोडे आम्ल घालून ते तापवले की साखर फुटते. आधी बेनेडिक्ट द्रावणाचा रंग निळाच राहत होता. तापवून व आम्ल उदासीन करून तीच परीक्षा घेतली की विटकरी साका बसतो. हा सारा बदल किती वेगाने होतो, हे लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली मोजले. साखरेच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला तर त्याची पातळी उजवीकडे वळते. साखर फुटत गेली की ती हळूहळू डावीकडे झुकते, कारण फ्रुक्टोज तिला ग्लुकोजपेक्षा अधिक जोराने उलट दिशेला वळवते. हे मोजण्याच्या यंत्राला पोलॅरिमीटर म्हणतात. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत 'पोल' काढतात तो याच तत्त्वावर. कारखान्यात वा गुऱ्हाळात रसात चुना घालतात त्याचेही एक कारण हेच, की आंबटपणा मेला म्हणजे साखर फुटणे मंदावते.

दुसरा मार्ग सजीवांचा. उसात आणि यीस्टमध्ये इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. विकर म्हणजे प्रथिनाचा असा रेणू, जो उकळी नको, तीव्र आम्ल नको, साध्या उबेतच ते काम उरकतो आणि स्वतः शिल्लक राहतो. आपल्या लहान आतड्यातही साखर फोडणारे विकर आहे, म्हणून तर चहातली साखर अंगी लागते. १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन या विदुषीने इन्व्हर्टेजच्याच वेगाचे मोजमाप करून जे समीकरण मांडले, ते आजही जीवरसायनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावे लागते.

साखर तीच, फुटणेही तेच. आम्लाने फुटते तेव्हा रसायनशास्त्राचा धडा, विकराने फुटते तेव्हा जीवरसायनाचा. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, पदवीला रसायनशास्त्र मुख्य धरावे आणि जीवरसायनाची गोडी त्याच्या जोडीने लावून घ्यावी. सेंद्रिय रसायनाचा पाया नसताना जीवरसायन वाचणे म्हणजे शंभर नावांची घोकंपट्टी. उगाच म्हणत नाही. जीवशास्त्र शाखेतून 'गेट' परीक्षा देणाऱ्याला रसायनशास्त्राचा भाग सक्तीचा असतो. आणि बारावीला गणित टाकू नका. वेगाची समीकरणे गणिताशिवाय सुटत नाहीत, आणि बहुतेकांची गाडी येथेच रुतते.

आपल्या भगिनींसाठी एक नाव सांगतो. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रातील पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. मुलगी म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन वनस्पतीतही असल्याचे त्यांनी दाखवले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. मायदेशी आल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. त्यांचे वडील व चुलते स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तुमच्या घरी तसे कोणी नाही. तुमच्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचेच नाव मिळाले.

आता अडचणीचे बोलू. इतिहास, मराठी हे विषय घरी बसून वाचता येतात, आम्ही तसेच पदवीधर झालो. रसायनशास्त्राचे तसे नाही. ब्युरेटमधून शेवटचा थेंब कधी थांबवायचा, हे गाईड वाचून कळत नाही, हाताला कळावे लागते. आणि प्रात्यक्षिकांचे ऐन महिने म्हणजेच ऊसतोडीचा हंगाम. आईबाप फडावर, घरी धाकटी भावंडे, म्हातारी माणसे, शेरडे. महाविद्यालय सुटते ते असे. तेव्हा पालकांनी निघण्यापूर्वीच मुलाच्या राहण्याची सोय लावावी. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत राहण्या-जेवण्याची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले खाते आधीच तयार ठेवा. कागदाअभावी परत गेलेली मुले आम्ही खिडकीतून पाहिली आहेत.

प्रवेशाच्या दिवशी फी भरण्याआधी, "प्रयोगशाळा दाखवा," असे सरळ म्हणावे. एका तुकडीत किती मुले, एका ब्युरेटवर किती जण, पोलॅरिमीटर कपाटात कुलूपबंद आहे की टेबलावर, हे डोळ्यांनी पाहावे. आणि बेसिनचा नळ एकदा सोडून बघावा. आपल्या बीड जिल्ह्यात त्याला पाणी येते की नाही, हाही प्रश्नच असतो.