रनिंग किती?

पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढावर गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी काटा चाळिशीपुढे सरकेना. मागून बस हॉर्न देत होती, शेजारी माझे ऐंशीचे वडील बसले होते आणि आठवडाभर अधूनमधून दिसणारा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आता विझायचं नाव घेत नव्हता. गाडी 2021 च्या दिवाळीत, पाडव्याला घरी आणलेली. म्हणजे जेमतेम पाच महिन्यांची.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने स्कॅनर लावला, ऑइलची डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली आणि विचारलं, "मॅडम, रनिंग किती?" मी म्हटलं, घर ते बँक, जाऊन-येऊन दहा किलोमीटर. तो क्षणभर थांबला. "मग डिझेल का घेतली?"

गाडी घेण्याआधी हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. खरं तर मी घाईने काहीच केलं नव्हतं. दोन महिने माणसांना विचारत होते. सोलापूरचे भाऊजी खतांच्या व्यवसायासाठी दर आठवड्याला पुण्याला येतात. कराडचा मामेभाऊ, दर शनिवारी नाशिकला घरी जाणारे बँकेतले सहकारी, ह्यांचे दोन मित्र. पाचही जणांकडे हीच गाडी आणि पाचही जणांचं एकच म्हणणं: बिनधास्त घे. भाऊजी तर म्हणाले, "वहिनी, लाखभर किलोमीटर झाले, टायर आणि ब्रेक पॅड सोडून हात लावलेला नाही." कुणीही खोटं बोललं नाही, हे मला आजही ठामपणे सांगायचं आहे. त्या पाचांपैकी एकाचंही रनिंग महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या खाली नव्हतं. माझं तीनशेसुद्धा भरत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली नाही. पाचांपैकी तिघांच्या गाड्या 2018 च्या आसपासच्या होत्या, बीएस 4 या जुन्या प्रदूषण नियमांच्या. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस 6 लागू झालं. डिझेल मोटारीच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून 4.5 मिलिग्रॅमवर आली. ती पाळण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी आली, जिला गॅरेजवाले डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला त्या जाळीत साधारण सहाशे अंश तापमान व्हावं लागतं. त्यासाठी गाडी वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात, न थांबता पळायला हवी. सोलापूर रस्त्यावर हे आपोआप होतं. माझ्या रोजच्या कर्वे रस्त्यावर कधीच होत नाही. माझी गाडी रोज काजळी जाळायला सुरुवात करायची आणि मी रोज बँकेच्या दारात इंजिन बंद करायचे. जाळी तापवण्यासाठी इंजिन जे जास्तीचं डिझेल सोडतं, त्यातलं थोडं प्रत्येक वेळी सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आलेलं. ऑइल वाढलेलं पाहून मला बरंच वाटलं होतं. प्रत्यक्षात ते पातळ होत चाललं होतं, आणि पातळ ऑइल इंजिन झिजवतं.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून जाळी साफ करणं आणि ऑइल बदलणं, यांचं बिल साडेनऊ हजार झालं. वॉरंटीत बसत नाही, कारण हा दोष नाही, वापर आहे, असं मला सांगण्यात आलं. त्या दिवशी रागावले. नंतर वाटलं, हे वाक्य विकताना सांगायला हवं होतं.

मग भाऊजींचा शब्द बाजूला ठेवून गाड्या किती बिघडतात याच्या पाहणीवर विसंबायला हवं होतं का? गाडी घेण्याआधी एका मैत्रिणीने मला एका पाहणीचा तक्ता दाखवला होता. अनोळखी माणसांच्या आकड्यांपेक्षा घरच्या माणसाचा अनुभव मोठा, म्हणून मी तो मिटून ठेवला. नंतर मात्र अशा पाहण्या कशा करतात ते बसून वाचलं, आणि एवढं कळलं की प्रत्येक पाहणी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. जे. डी. पॉवरची टिकाऊपणाची अमेरिकेतली पाहणी तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारते आणि शंभर गाड्यांमागे किती तक्रारी ते सांगते. त्यात मोबाइल स्क्रीनला न जुळणं ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसणं हीसुद्धा एकच. 1936 पासून जाहिराती न घेता चालणारं अमेरिकेतलंच कन्झ्युमर रिपोर्ट्स सभासदांकडून गेल्या बारा महिन्यांतल्या तक्रारी मागवतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या तक्रारीला जास्त वजन देतं. जर्मनीतली एडीएसी ही वाहनचालकांची संघटना तर मालकाचं मत विचारतच नाही. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपर्यंत तिची माणसं जातात, त्या फेऱ्या ती मोजते. तिथे वर्षानुवर्षं सगळ्यात मोठं कारण निघतं ते बॅटरी.

म्हणून तक्ता हाती आला की एकूण गुणांवर थांबू नका. किती जुन्या गाड्या मोजल्या, तक्रार म्हणजे काय धरलं आणि कुठल्या भागाची तक्रार जास्त, हे तीन रकाने शोधा. आणि ती पाहणी कुठल्या देशातली आहे तेही बघा. तिकडे त्याच नावाने विकलेल्या गाडीचं इंजिन आपल्याकडच्या गाडीत असेलच असं नाही.

तरीही पाहणीची एक ताकद पाच नातेवाइकांकडे कधीच येणार नाही. साधा हिशोब आहे. समजा, एखाद्या मॉडेलच्या वीसपैकी एका गाडीत मोठा दोष निघतो. हे प्रमाण वाईटच. तरी तुम्ही पाच मालकांना विचारलंत, तर पाचही जण खूश असण्याची शक्यता शंभरात सत्याहत्तर आहे. म्हणजे खराब गाडीबद्दलही बहुतेक वेळा तुम्हाला कौतुकच ऐकू येणार. हजारो मालकांना विचारणाऱ्याला तो विसावा माणूस भेटतो, आपल्याला भेटत नाही.

माणसांना विचारणं मी अजिबात सोडलेलं नाही. विचारते वेगळं. "गाडी कशी आहे?" असं विचारलं की माणूस स्वतःच्या निर्णयाची बाजू मांडतो. दहा-बारा लाख घातलेले असतात, हप्ते चालू असतात, कोण म्हणेल चुकलं? आणि वॉरंटीत झालेली दुरुस्ती लोक मनातून पुसूनच टाकतात. आमच्या शेजाऱ्यांनी "काहीच त्रास नाही" म्हटल्यावर मी विचारलं, गाडी सर्व्हिसिंगशिवाय कितीदा आत गेली? स्टिअरिंगचा एक भाग दोनदा बदलून झाला होता. "पण पैसे नाही लागले हो," ते म्हणाले. तुमच्या वॉरंटीनंतर ते पैसे तुमचे असतील.

तेव्हा मालकाला विचारा: कुठल्या वर्षाची गाडी, आत्ता मीटर किती, रोजचा रस्ता कसा, काय काय बदललं, किती किलोमीटरला, आणि पार्टसाठी किती दिवस थांबलात. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकाच भागाचं नाव घेतलं, तर दहा जणांच्या "भारी आहे"पेक्षा ते जास्त गंभीरपणे घ्या. वारज्यातल्या माझ्या मेकॅनिकला मी आता विचारते, "ही गाडी तुमच्याकडे कशासाठी येते?" त्याचं उत्तर मोलाचं असतं, पण तिथेही जपून. डॉक्टरांना जसे आजारीच भेटतात, तशा त्याला बिघडलेल्याच गाड्या दिसतात, आणि जी जास्त खपते ती त्याच्या दारात जास्त दिसणारच.

जुनी गाडी घेत असाल तर आणखी एक काम नक्की करा. चासिसवरचा सतरा अक्षरी नंबर घेऊन कंपनीने ती गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावली होती का आणि ती दुरुस्ती झाली का, ते तपासा. यात एक पैसा लागत नाही.

मी ती गाडी 2023 च्या मे महिन्यात विकली. इंदापूरकडे दूधसंकलनाचं काम करणाऱ्या एका तरुणाने घेतली. रोजचं शंभर-सव्वाशे किलोमीटर, बहुतेक मोकळा रस्ता. दिव्याबद्दल त्याला सगळं सांगितलं. तारीख, मीटर, काय झालं, किती लागले हे लिहिलेली माझी वहीही गाडीबरोबर दिली. दिवाळीत त्याने त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. माझ्या शेवटच्या नोंदीखाली त्याच्या अक्षरात चार नोंदी होत्या. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, पुढचे दोन टायर. चौथी नोंद अशी: सोळा हजार किलोमीटर झाले, दिवा एकदाही नाही.