सोयाबीनचा टोफू आणि जपानी ‘हियायाक्को’

विदर्भ व मराठवाडा या विभागांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक झाले आहे. लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांत पावसाळ्यात मैलोगणती याच पिकाची हिरवळ दिसते. सोयाबीनच्या उत्पादनात देशात मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही दोन राज्ये आघाडीवर आहेत. असे असूनही हे धान्य पिकविणाऱ्या घरातील चुलीपर्यंत मात्र ते क्वचितच पोहोचते. मळणी झाली की माल पोत्यात भरला जातो, पोते बाजार समितीत जाते, तेथून ते गिरणीत जाते आणि त्याच घरी पुढे तेलाची पिशवी विकत आणली जाते. दाण्यातील तेल अशा रीतीने पैसे मोजून परत येते. त्यातील प्रथिने मात्र परत येत नाहीत.

सन २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनला क्विंटलला ४,८९२ रुपये आधारभूत किंमत जाहीर केली होती. त्या हंगामात अनेक बाजारांत मालाला त्याहूनही कमी दर मिळाला. आधारभूत किमतीने हिशेब केला तरी पाव किलो सोयाबीनची किंमत सव्वाबारा रुपयांच्या आसपास होते. तेवढ्या दाण्यापासून चार माणसांना पुरेल एवढा टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, घरी तयार होतो. तो कसा करावा आणि जपानी लोकांप्रमाणे थंड करून चटकदार रसाबरोबर कसा खावा, हे या पाठात सांगावयाचे आहे.

सोयाबीनचे गुण व दोष

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व सुमारे २० टक्के तेल असते. तूर, हरभरा यांसारख्या आपल्या नेहमीच्या डाळींत प्रथिनांचे प्रमाण साधारणतः याच्या निम्मे असते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर व भातावर ज्या कुटुंबांचे पोषण अवलंबून आहे, त्यांना या प्रथिनांचा विशेष उपयोग आहे.

तथापि हे धान्य इतर कडधान्यांसारखे भिजवून, उसळ करून खाण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांपैकी बऱ्याच जणांनी तो सोडून दिला. त्याची तीन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे दाण्याचा उग्र वास. दाणा ओला असताना भरडला की त्यातील एक पाचक द्रव्य तेलावर क्रिया करते व हा वास उत्पन्न होतो. दुसरे कारण असे की, कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात. तिसरे म्हणजे दाण्यातील काही शर्करा आतड्यात पचत नाहीत व त्यामुळे पोटात वायू धरतो.

टोफूच्या कृतीत या तिन्ही दोषांवर उपाय आहे. गरम पाण्यात वाटल्याने वास कमी होतो. चांगले उकळल्याने पचनातील अडथळा बहुतांशी नाहीसा होतो. न पचणाऱ्या शर्करांचा मोठा भाग पाण्याबरोबर निघून जातो. म्हणूनच पूर्व आशियातील लोक शेकडो वर्षे सोयाबीन खात आले, ते प्रामुख्याने असे प्रक्रिया केलेल्या स्वरूपात.

‘हियायाक्को’ म्हणजे काय?

टोफूचा उगम चीनमध्ये झाला व तेथून तो जपानात गेला. जपानात त्याचा लेखी उल्लेख सन ११८३ पासून आढळतो. मांसाहार वर्ज्य करणाऱ्या बौद्ध मठांतील स्वयंपाकात त्याला मानाचे स्थान मिळाले. पुढे तो इतका लोकप्रिय झाला की, सन १७८२ मध्ये ओसाका येथे टोफूचे शंभर प्रकार सांगणारे ‘तोफू ह्याकुचिन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

जपानचा उन्हाळा उष्ण व दमट असतो. त्या दिवसांत चुलीजवळ उभे न राहता झटपट करता येणारा पदार्थ म्हणजे ‘हियायाक्को’. ‘हिया’ म्हणजे थंड. ‘याक्को’ हे एदो काळातील सामुराई सरदारांच्या पदरी असणाऱ्या सेवकांचे नाव होय. त्यांच्या अंगरख्यावर मोठ्या चौकोनाचे चिन्ह असे. त्यावरून चौकोनी तुकडे करण्याला ‘याक्को’ कापणे म्हणू लागले आणि थंड टोफूच्या चौकोनी तुकड्यांना हे नाव पडले.

या पदार्थात टोफू तळावयाचा नसतो, परतावयाचा नसतो, त्याला मसालाही लावावयाचा नसतो. त्यामुळे टोफूचा खरा गुण-अवगुण जिभेला तात्काळ कळतो. कृतीत हयगय झाली असेल तर ती येथे झाकली जात नाही. म्हणून आधी टोफू उत्तम करणे अगत्याचे आहे.

दाणा निवडताना घ्यावयाची दक्षता

पेरणीनंतर उरलेले बियाणे खाण्यास कदापि घेऊ नये. त्याला बुरशीनाशकाची किंवा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते व ते धुतल्याने निर्धोक होत नाही. घरी खाण्यासाठीचा दाणा मळणीनंतर लगेच वेगळा काढावा, चांगला वाळवावा आणि कोरड्या डब्यात ठेवावा. पावसात भिजलेला, काळा पडलेला अथवा बुरशी आलेला दाणा निवडून टाकावा.

साहित्य

स्वच्छ सोयाबीन पाव किलो. पाणी सुमारे २ लिटर (भिजविण्याचे पाणी वेगळे). साकळण्यासाठी लिंबाचा रस ४ मोठे चमचे, किंवा खाद्य प्रतीचे मॅग्नेशियम क्लोराइड अथवा कॅल्शियम सल्फेट दीड ते दोन चहाचे चमचे. मोठे पातेले, उलथणे, स्वच्छ सुती फडके व चाळणी एवढी भांडी पुरतात.

जपानात समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारे कडवट पाणी यासाठी वापरतात. त्याला ‘निगारी’ म्हणतात व त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असते. लिंबाच्या रसानेही टोफू होतो. मात्र तो किंचित आंबूस व थोडा रवाळ होतो.

येथे एक सूचना देणे आवश्यक आहे. शेतातील जमीन सुधारण्यासाठी मिळणारे जिप्सम हेही कॅल्शियम सल्फेटच असते. परंतु ते खाद्य प्रतीचे नसते व त्यात माती आणि इतर अशुद्ध द्रव्ये असतात. ते टोफूसाठी मुळीच वापरू नये. खाद्य प्रतीचे द्रव्य न मिळाल्यास लिंबू वापरावे.

टोफूची कृती

१. दाणे तीन-चार वेळा धुऊन भरपूर पाण्यात भिजवावेत. हिवाळ्यात १० ते १२ तास व उन्हाळ्यात ६ ते ८ तास पुरेत. दाणा बोटांनी फोडून पाहावा. आतील बाजू सपाट व एकसारख्या रंगाची दिसली म्हणजे तो भिजला असे समजावे. मधोमध खोलगट भाग दिसल्यास आणखी वेळ द्यावा. भिजविलेले पाणी टाकून द्यावे.

२. दाणे पाऊण लिटर कडकडीत गरम पाणी थोडे थोडे घालून मिक्सरमध्ये किंवा पाट्यावर अगदी बारीक वाटावेत. मिक्सरचे भांडे गरम पाण्याने गच्च भरू नये.

३. मोठ्या पातेल्यात सव्वा लिटर पाणी उकळून त्यात हे वाटण घालावे व तळापासून सतत ढवळावे. थोड्याच वेळात मोठा फेस वर येतो. ही खरी उकळी नव्हे. या फेसाला फसून पुष्कळ जण पातेले खाली उतरवतात व दूध कच्चे राहते. आच कमी करून फेस बसू द्यावा आणि खरी उकळी आल्यापासून मंद आचेवर १० ते १५ मिनिटे शिजवावे. या पाठातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

४. मिश्रण फडक्यातून गाळून पिळून घ्यावे. खाली येते ते सोयाबीनचे दूध आणि फडक्यात उरतो तो चोथा.

५. दूध पुन्हा तापवून खाली उतरवावे. ते ७५ ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत आले, म्हणजे उकळी बसून वाफ येत असली की, साकळण्याचे द्रव्य एक कप कोमट पाण्यात मिसळून त्यातील निम्मे घालावे. दोनदाच हलक्या हाताने ढवळून झाकण ठेवावे. तीन-चार मिनिटांनी उरलेले पाणी वरून शिंपडावे. जोराने ढवळल्यास साका फुटतो व टोफू कोरडा, भुसभुशीत होतो.

६. दहा मिनिटांत साका वेगळा होऊन फिकट पिवळे, निवळ पाणी सुटते. पाणी दुधाळ दिसल्यास थोडे आणखी द्रव्य घालावे.

७. चाळणीत ओले फडके अंथरून साका पळीने अलगद त्यात घालावा, फडके दुमडावे व वर सुमारे एक किलो वजन १५ ते २० मिनिटे ठेवावे. थंड खावयाचा टोफू मऊ असावा लागतो, म्हणून याहून अधिक दाबू नये. भाजीसाठी घट्ट टोफू हवा असल्यास वजन व वेळ वाढवावा.

या रीतीने अर्धा किलोच्या आसपास टोफू मिळतो. जपानी पद्धतीच्या, फडक्यात दाबलेल्या टोफूत १०० ग्रॅममागे सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. जितका अधिक दाबावा तितके पाणी कमी व प्रथिने जास्त.

थंड करणे व वाढणे

हा टोफू पुन्हा न शिजवता खावयाचा असल्याने स्वच्छतेकडे विशेष लक्ष द्यावे. हात, सुरी व फडके स्वच्छ असावे. तयार टोफू उकळून गार केलेल्या पाण्यात अलगद सोडावा व पाण्यासह शीतपेटीत एक तास ठेवावा. शीतपेटी नसल्यास ते पाणी आधी माठात गार करून घ्यावे आणि टोफू दोन-तीन तासांच्या आत संपवावा.

वाढण्यापूर्वी टोफू दहा मिनिटे चाळणीत निथळावा. पाणी राहिल्यास वरचा रस पातळ व बेचव होतो. नंतर त्याचे चार सारखे चौकोनी तुकडे करून ते वाट्यांत ठेवावेत. प्रत्येकावर अर्धा चहाचा चमचा किसलेले ताजे आले व बारीक चिरलेली कांद्याची पात घालावी. वरून एक ते दोन चहाचे चमचे सोया सॉस सोडावा. जपानात यावर वाळविलेल्या बोनिटो माशाचे पातळ पापुद्रेही घालतात. शाकाहारी मंडळींनी ते वगळून भाजलेले तीळ घालावेत. ही रीतही जपानी स्वयंपाकातलीच आहे.

रस थोडा सौम्य हवा असेल तर ४ चमचे सोया सॉस, ४ चमचे उकळून गार केलेले पाणी व १ चमचा लिंबाचा रस एकत्र करावा. जपानी लोकही लिंबूवर्गीय फळांचा रस सोया सॉसमध्ये मिसळतात. त्याला ‘पोन्झू’ म्हणतात.

सोया सॉस हा सोयाबीन व गहू यांना विशिष्ट बुरशी लावून, मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबवून करतात. त्यात मीठ पुष्कळ असते. एका मोठ्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम मीठ पोटात जाते. यास्तव टोफूवर वेगळे मीठ घालू नये व रक्तदाबाच्या रोग्यांनी तो अगदी बेताने घ्यावा. ज्यांना सोयाबीन किंवा गहू बाधतो, त्यांनी हा पदार्थ टाळावा.

साठवण, चोथा व विक्री

उरलेला टोफू पाण्यात बुडवून शीतपेटीत ठेवावा, पाणी रोज बदलावे व दोन-तीन दिवसांत वापरावा. दुसऱ्या दिवसापासून तो भाजीत शिजवूनच खावा. आंबट वास आल्यास किंवा हाताला बुळबुळीत लागल्यास फेकून द्यावा.

चोथा वाया घालवू नये. तो कणकेत मळून थालीपीठ किंवा पोळी करावी, अथवा जनावरांच्या आंबोणात मिसळावा. मात्र तो लवकर आंबतो, म्हणून त्याच दिवशी वापरावा.

महिला बचत गटांनी टोफू विकावयाचे ठरविल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी आणि वेष्टनावर तो सोयाबीनचा असल्याचे स्पष्ट लिहावे. दुधाचे पनीर म्हणून तो विकणे ही ग्राहकाची फसवणूक होय. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाबीन प्रक्रियेचे काम चालते. मोठ्या प्रमाणावर उद्योग करू इच्छिणाऱ्यांनी तेथील प्रशिक्षणाची चौकशी करावी.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कृतीचे प्रात्यक्षिक मळणीनंतरच्या दिवसांत, घरात नवा दाणा असताना घ्यावे. व्याख्यानाने सोयाबीनचा वास जात नाही, चव घेतल्यावरच मनातील किंतु जातो. दाणे आदल्या रात्री भिजवून न्यावेत, फेसाची खोटी उकळी व खरी उकळी यांतील फरक भगिनींना प्रत्यक्ष दाखवावा आणि बियाणे व जिप्समबाबतची सूचना प्रत्येक वेळी द्यावी. शेवटी तयार टोफूची एकेक वाटी सर्वांस वाढावी.

एका कुटुंबाने आठवड्यातून एकदा पाव किलो दाणे वापरले, तर वर्षाकाठी केवळ १३ किलो सोयाबीन लागेल. एका पोत्याचा तो लहानसा भाग आहे. एवढा दाणा बाजाराच्या वाटेवरून घरी वळविला, तर ज्यांच्या श्रमाने हे पीक उभे राहते त्यांच्या मुलाबाळांच्या ताटातही त्याचा वाटा पडेल.