समुद्रावरील बर्फाचे आच्छादन

खोडव्यात पाचट पसरले की उन्हाळ्यात जमीन फार तापत नाही आणि थंडीत तिची ऊब टिकते, हा अनुभव आपणास आहेच. उत्तर ध्रुवाकडील आर्क्टिक महासागरावर जो बर्फ असतो, त्याचे काम बरेचसे असेच आहे.

हा बर्फ समुद्राचेच पाणी गोठून तयार होतो. खारे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. हिवाळ्यात तेथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही व हवेचे तापमान उणे ३० अंशांपर्यंत उतरते. म्हणजे बर्फाखालचे पाणी वरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार! मीटर-दोन मीटर जाडीचा बर्फ ही उष्णता अडवून धरतो. त्यावर भुसभुशीत हिम पडलेले असल्यास अधिकच, कारण हिमात हवा कोंडलेली असते. बर्फाला भेग पडली की मात्र उघड्या पाण्यावरून वाफ उठते आणि आजूबाजूच्या जाड बर्फातून जाते त्याच्या अनेक पटींनी उष्णता तेथून निसटते.

उन्हाळ्यात याच बर्फाचे काम निराळे. ताज्या हिमाने झाकलेला बर्फ उन्हाचा शेकडा ८० हून अधिक भाग परत फेकतो. उघडे पाणी शेकडा १० देखील फेकत नाही, बाकीचे ऊन पिऊन टाकते. शिवाय एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात. बर्फ आहे तोवर उष्णता त्यातच खर्ची पडते. तो संपला की पाणी तापू लागते. हे तापलेले पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपली उष्णता हवेला देते, बर्फ उशिरा धरतो व पातळ राहतो. म्हणूनच आर्क्टिकमधील तापमानवाढ उन्हाळ्यापेक्षा शरद व हिवाळ्यात जास्त आढळते.

उपग्रहाच्या नोंदींप्रमाणे १९८० च्या सुमारास सप्टेंबरमध्ये सुमारे ७० लाख चौ. कि.मी. बर्फ उरत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला. अर्थात, तेथील बर्फावरून आपल्या तालुक्यातील पावसाचे भाकीत कोणी सांगितल्यास त्यावर पेरणी ठरवू नये. त्यासाठी हवामान खात्याचा अंदाजच पाहावा.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. त्याचे काम गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. पाण्याचे तापमान व क्षारता मोजण्यासाठी २०१४ मध्ये तेथील खाडीत ‘इंडआर्क’ ही पाण्याखालील वेधशाळाही बसविण्यात आली.