डावरे मूल आणि दोन्ही हात

"डॉक्टर, हा डाव्या हाताने लिहितो. सवय मोडायला काही करता येईल का?" असे विचारणारे पालक आजही येतात. काही जण याच्या उलट विचारतात. दोन्ही हातांनी लिहायला शिकवले तर मूल जास्त हुशार होईल का? दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नाही' असेच आहे.

आपले शरीर बाहेरून दोन सारख्या भागांचे दिसते, पण आत तसे नाही. यकृत उजवीकडे, प्लीहा डावीकडे, उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग तर डाव्याचे दोनच. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांतही कामाची वाटणी असते. उजव्या हाताचा कारभार मेंदूचा डावा भाग पाहतो आणि डाव्याचा उजवा. बोलण्याचे केंद्र बहुतेकांत डाव्या भागात असते. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ साली वाचा गेलेल्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तेव्हापासून याचा उलगडा होत गेला.

साधारण दहा माणसांत एक डावरा असतो. हा रोग नव्हे, वाईट सवयही नव्हे. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा, पण लिहितो डाव्याने. अशा मुलाला मारून किंवा हात बांधून उजव्याने लिहायला लावले, तर अक्षर बिघडते, वेग मंदावतो आणि अभ्यासाचाच कंटाळा येतो. त्यापेक्षा वही जरा डावीकडे, तिरकी ठेवू द्या. गुरुजींना सांगून बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याला कोपर लागणार नाही.

अर्जुन सव्यसाची होता हे खरे, आणि सरावाने दुसऱ्या हातानेही लिहिता येते. त्याने बुद्धी वाढते असे मात्र सिद्ध झालेले नाही. ताकद दोन्ही बाजूंना हवी, एवढे खरे. पाण्याची बादली, दळणाचा डबा आलटून पालटून उचलावा. गंमत अशी की एका हाताला प्लॅस्टर असताना दुसऱ्या हाताचा व्यायाम केला, तर बांधलेल्या हाताची शक्तीही कमी घटते. कारण व्यायामात मेंदूही शिकत असतो.

आता तान्ह्या मुलांविषयी, आणि हे आईने, आजीने नीट वाचावे. वर्षाच्या आतले मूल दोन्ही हात साधारण सारखेच वापरते. हाताची निवड पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्पष्ट होत जाते. सात-आठ महिन्यांचे बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेत असेल, दुसरी मूठ सतत आवळलेली, अंगठा आत दुमडलेला असेल, तर "डावरा होणार बरं का" म्हणून कौतुक करू नये. तो दुसरा हात कमजोर असण्याची शक्यता असते, आणि त्याचे कारण मेंदूला झालेली इजा असू शकते. घरोघरी हे कौतुक चालते आणि मूल तीन वर्षांचे होऊन लंगडू लागले की मग दवाखान्यात येते. लवकर आणले तर व्यायामाने, काही वेळ चांगल्या हाताला मोजा घालून कमजोर हाताला खेळायला लावण्याने, पुष्कळ फरक पडतो. अर्थात हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अनेक जिल्हा रुग्णालयांत यासाठी स्वतंत्र केंद्रे झाली आहेत.

घरी पाहायचे तर बाळाला मांडीवर सरळ बसवा आणि खुळखुळा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे धरा. डावीकडचा खुळखुळाही ते दर वेळी उजवा हात आडवा नेऊनच घेत असेल, किंवा उजवीकडचा डाव्यानेच, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.